आधी जमीन, मग यंत्र

इंग्लंडच्या सफक परगण्यात हॉक्सन नावाचं छोटं गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्यानं आपला मित्र एरिक लॉज याला बोलावलं, कारण लॉजकडे मेटल डिटेक्टर होता. हातोडीआधी यंत्रानं दाखवली ती सोन्या-चांदीची नाणी. थोडं बाहेर काढल्यावर लॉजच्या लक्षात आलं की हे प्रकरण मोठं आहे. त्यानं खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी तो ठेवा जसा पुरला होता तसा, थराथरानं उकलला. रोमन राजवटीच्या अखेरच्या काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी निघाली. शिवाय दागिने, चांदीचे चमचे, मिरपूड ठेवायची नक्षीदार चांदीची भांडी आणि ज्या लाकडी पेटीत हे सारं ठेवलं होतं तिच्या खुणा. त्या भांड्यांतली मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून गेलेली असणार. पुढे हातोडीही सापडली. आज तीसुद्धा ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

ही गोष्ट ऐकली की नवख्या माणसाला वाटतं, सगळा नशिबाचा खेळ. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी मंडळी हा छंद घ्यायचा म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, कोणतं यंत्र घेऊ? माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा आहे. मध्यम किमतीचं यंत्र चांगल्या शेतात पुष्कळ काही दाखवतं, आणि महागातलं महाग यंत्र रिकाम्या शेतात रिकामंच फिरतं. लॉजला जागा शोधावी लागली नाही, हातोडीनं ती दाखवली. आपल्याला ती शोधावी लागते. त्यातलं बरंचसं काम घरी बसून नकाशांवर होतं, उरलेलं शेतकऱ्याच्या अंगणात उभं राहून, आणि अगदी शेवटी थोडं शेतात.

यंत्राला काय दिसतं हे समजलं की जागेचा विचार सोपा होतो. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची वेटोळी असतात. त्यांतून बदलती वीज वाहते आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरतं. तिथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. ते किती जोराचं आहे आणि मूळ क्षेत्रापेक्षा किती मागे पडलं आहे, यावरून यंत्र खाली लोखंड असावं की चांदी याचा अंदाज सांगतं. हा अंदाजच असतो. लहान नाण्यासाठी बहुतेक यंत्रांची पोच साधारण वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटीमीटर. वस्तू मोठी असेल तर आणखी खाली.

नांगराचा फाळही साधारण तेवढाच खोल जातो, आणि जागा निवडण्याचं निम्मं शास्त्र यातच आलं. नांगरटीच्या थरातली वस्तू शेकडो वर्षं उलटीपालटी झालेली असते. जिथे पडली तिथून ती थोडीफार सरकलेली असते आणि खताच्या आम्लानं, अवजारांच्या धक्क्यांनी दरवर्षी झिजत असते. तिला बाहेर काढून तिची नोंद केली तर इतिहासाचं नुकसान होत नाही, झाला तर फायदाच होतो. त्या थराच्या खाली मात्र जुन्या भिंतींचे पाये, खड्डे, चुली, दफनं जशीच्या तशी असतात. तिथे फावडं लावलं की कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचं पुसलं जातं. म्हणून सुरुवात करणाऱ्यानं नांगरटीचं शेतच घ्यावं आणि फाळाच्या खोलीच्या खाली जाऊ नये. जुनी कुरणं मोहात पाडतात, कारण तिथे वस्तू चांगल्या टिकलेल्या असतात. पण कुरणातली वस्तू गांडुळं आपल्या मातीखाली हळूहळू गाडत नेतात (डार्विननं १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सविस्तर आहे) आणि कुरणाखालचे थर बहुधा न मोडलेले असतात. तिथे जायचंच तर अनुभवी माणसाबरोबर.

आता नकाशा पुढ्यात घ्या आणि आधी खोडाखोड करा. उत्साहाच्या भरात हे काम मागे राहतं, आणि मग पुढे सगळं बिघडतं.

इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार स्थळं कायद्यानं संरक्षित पुरास्मारकं आहेत. १९७९ च्या पुरास्मारक कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार अशा जागी लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा, मग तुम्ही खणा अगर न खणा. यातली बरीच स्मारकं किल्ल्यांसारखी उठून दिसणारी नाहीत. साध्या गव्हाच्या शेताच्या मधोमध, कुंपण नाही, पाटी नाही, आणि खाली रोमन वाडा किंवा उजाड झालेलं मध्ययुगीन गाव, असं सर्रास असतं. हिस्टॉरिक इंग्लंडची राष्ट्रीय वारसा यादी नकाशासह संगणकावर फुकट पाहता येते. तिच्यावर आपल्या शेताच्या चारी बाजू ताडून पाहाव्यात. सरकारच्या ‘मॅजिक’ नावाच्या नकाशावर निसर्गदृष्ट्या संरक्षित क्षेत्रं आणि पर्यावरणीय योजनांखाली गेलेली शेतं दिसतात. अशा शेतात शेतकऱ्यानं अनुदानाच्या बदल्यात काही अटी मान्य केलेल्या असतात. आपण तिथे खणलं तर अडचणीत तो येतो. संरक्षणदलांच्या ताब्यातली जमीन सोडून द्यावी. १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानं जिथे कोसळली त्या जागाही संरक्षित आहेत, आणि पूर्व इंग्लंडच्या शेतांत अशा जागा पुष्कळ आहेत. सार्वजनिक बागा स्थानिक पालिकांच्या, जंगलं वनखात्याची, जुनी उद्यानं आणि वाडे नॅशनल ट्रस्टचे. यांपैकी बहुतेकांचं उत्तर नकारच असतं.

‘ही पडीक जमीन कुणाचीच दिसत नाही’ असं वाटलं तरी इंग्लंडमध्ये तशी जमीन नसते. शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण तो चालण्यापुरताच. यंत्र फिरवण्याचा नाही. इंग्लंड आणि वेल्सबाहेर नियम पुन्हा वेगळे. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुरावस्तू कळवावी लागते आणि तिच्यावर राजसत्तेचा हक्क असतो. उत्तर आयर्लंडमध्ये पुरावस्तूंसाठी खणायचं तर परवाना लागतो. फ्रान्समध्येही शोधाआधी प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. सुट्टीला जाताना यंत्र गाडीत टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

एवढं खोडून झाल्यावर नकाशावर जे उरतं ते पुष्कळ असतं. त्यातून भरवशाची शेतं कशी ओळखायची हा या छंदातला मला सगळ्यांत प्रिय भाग आहे.

मुद्दा साधा आहे. वस्तू तिथे हरवते जिथे माणसं जातात, थांबतात, वाकतात, झटापट करतात किंवा खिशात हात घालतात. दोन पायवाटा मिळतात तिथे, ओढ्याच्या उताराशी, झऱ्यापाशी, चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर, टेकडी चढून आल्यावर जिथे दम खायला बसावंसं वाटतं त्या कडेला. म्हणून जुने नकाशे उघडावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्वेचे, मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत, आणि ते आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहता येतात. आज जिथे नुसता सलग गहू दिसतो, तिथे दीडशे वर्षांपूर्वी चार छोटी शेतं, मधून जाणारी पाणंद, कोपऱ्यात दोन झोपड्या आणि विहीर दिसते. मोडलेल्या बांधांच्या रेषा पेन्सिलीनं उतरवून घ्या. दुपारची भाकरी खायला माणसं बांधाच्या सावलीलाच बसत, इंग्लंडमध्येही.

त्याहून मागे जायचं तर टाइद नकाशे. चर्चला धान्याच्या रूपानं द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलण्याचा कायदा १८३६ मध्ये झाला, आणि त्यासाठी बऱ्याच गावांची मोजणी झाली. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मालक, कूळ, पीक आणि शेताचं नाव अशी ती नोंद असते. आपल्याकडे जसं ‘माळीचा मळा’, ‘बाजारपट्टी’, ‘देवाचं वावर’ अशी नावं शेतांना असतात तशीच तिथेही. जत्रेचं शेत, चॅपलचं शेत, गिरणीचं कुरण. एखाद्या शेताच्या नावात ‘काळं’ येत असेल तर मी थांबून पाहतो, कारण जुन्या वस्तीची राख, शेण, कुजलेला कचरा मिसळून तिथली माती आजूबाजूपेक्षा गडद झालेली असते. नाव एकट्यानं काही सिद्ध करत नाही. पण नाव, वाट आणि पाणी तिन्ही एकाच जागी आली तर ते शेत यादीत वर घ्यावं.

मग वरून पाहावं. विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात, त्याला लायडार म्हणतात. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं जवळजवळ सगळ्या देशाची अशी मोजणी करून ती फुकट उपलब्ध केली आहे. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या कुरणात लायडारवर समांतर लाटा दिसतात. त्या मध्ययुगातल्या नांगरटीच्या वरंब्या-सऱ्या. म्हणजे तिथे माणसं राबली, घरातल्या कचऱ्यासकट खत पसरलं गेलं आणि त्यातून बकलं, बटणं, एखादं झिजलेलं चांदीचं नाणं मातीत गेलं. अशा शेतात वस्तू विरळ पण सर्वदूर मिळतात. लायडारवर चौकोनी खंदक, घरांचे ओटे, गल्ल्या असं स्पष्ट काही दिसलं तर मात्र हुरळून जाऊ नये. आधी वारसा यादी पुन्हा पाहावी, मग परगण्याच्या पुरास्थळांच्या नोंदवहीत विचारावं. तिथे बहुधा काहीतरी आधीच नोंदलेलं असतं, आणि नसेल तर ते पुरातत्त्वज्ञांना कळवण्यासारखं असतं.

उन्हाळा कोरडा गेला तर शेत स्वतःच नकाशा काढून दाखवतं. बुजलेल्या खंदकावरच्या खोल मातीत ओल टिकते, तिथलं पीक उंच आणि हिरवं राहतं. पुरलेल्या भिंतीवरचं पीक लवकर पिवळं पडतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात ब्रिटनभर अशा कितीतरी आकृत्या उमटल्या, त्यांतल्या काही पूर्वी कुणाला माहीतही नव्हत्या. त्या वर्षांची उपग्रहचित्रं शोधून पाहणं कधीही फुकट जात नाही.

रोमन रस्ते हा वेगळाच विषय. वॉटलिंग स्ट्रीट, अर्मिन स्ट्रीट, फॉस वे, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे रस्ते आजही महामार्गांखाली किंवा शेतांच्या सरळ बांधांखाली आहेत. त्यांच्या दोन्ही अंगांना शतकानुशतकं रहदारी झाली. स्टॅफर्डशरचा सुप्रसिद्ध अँग्लो-सॅक्सन ठेवा, सोन्या-चांदीचे हजारो तुकडे, २००९ मध्ये टेरी हर्बर्ट यांना सापडला तो वॉटलिंग स्ट्रीटच्या जवळच्याच नांगरलेल्या शेतात. पुरातत्त्वज्ञांनी त्या वर्षी शेत पिंजून काढलं, तरी २०१२ मध्ये तेच शेत पुन्हा नांगरल्यावर आणखी तुकडे वर आले. नांगर वर आणतो तेव्हाच यंत्राला दिसतं, याचा याहून ठळक दाखला मला ठाऊक नाही. एकदा फिरून झालेलं शेत संपलं असं म्हणूनच समजू नये.

पुढची पायरी शेतकऱ्याची. उजेडी जावं, पीक कापणीची घाई नसताना जावं, आणि यंत्र गाडीतच ठेवावं. या देशातल्या शेतकऱ्यांना रात्री दिवे घेऊन शेतात घुसणाऱ्या चोरट्यांचा अनुभव आहे. ‘नाइटहॉक’ म्हणतात त्यांना. सरेमधल्या वानबरो इथलं रोमन देऊळ १९८० च्या दशकात अशा लोकांनी इतकं लुटलं की त्यातूनच पुढे कायदा बदलण्याची चळवळ उभी राहिली. तेव्हा अनोळखी माणसाकडे संशयानं पाहिलं जाणं स्वाभाविक आहे. आपण कोण, कुठे राहतो, विमा आहे का, खड्डा कसा बुजवतो, सापडलेलं कुणाला दाखवतो, हे सरळ सांगावं. जमीन कुळाकडे असेल तर मालकाचीही संमती लागते. आणि ती लेखी घ्यावी. कोणती शेतं, कोणते महिने, कुठे गाडी लावायची, काही मौल्यवान निघालं तर वाटणी कशी, एवढं एका पानावर मावतं. राजीखुशीच्या दिवशी केलेला कागद पुढे मैत्री वाचवतो. परवानगी मिळाल्यावर त्या शेताच्या नांगरटीचा इतिहास शेतकऱ्याला विचारा. फाळ कुठे दगडाला लागतो, कुठली माती काळी निघते, आजोबांना काय सापडलं होतं, हे सगळं त्याला माहीत असतं. कुठल्याच नकाशावर नसतं.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: शेतात बाहेरचं खत आलं आहे का? शहरांतल्या बागकचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट अनेक शेतांत टाकतात. त्यात डब्यांचे, पत्र्याचे चुरडलेले ॲल्युमिनियमचे तुकडे असतील तर यंत्र पावलागणिक किंचाळतं आणि ते शेत वर्षानुवर्षं निरुपयोगी होतं. जुनी बाहेरची खतंही होती. लंडनचा मैला आणि कचरा एकेकाळी होड्यांतून एसेक्स आणि केंटच्या शेतांत जात असे. तिथे सापडणारी बटणं आणि नाणी त्या गावाची नसतातच, लंडनच्या घरांतली असतात. हे माहीत नसेल तर माणूस त्या गावाबद्दल भलताच निष्कर्ष काढतो.

योग्य वेळ म्हणजे कापणीनंतर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धसकटं आखूड असतील तर चकती जमिनीलगत फिरते. नुकती नांगरट झालेली असेल तर थांबावं. मोठ्या ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात, चकती वर अधांतरी राहते आणि खोली वाया जाते. ढेकळं फोडून रूळ फिरल्यानंतरची, एखादा पाऊस पडून वाफसा आलेली जमीन सर्वांत बोलकी. मात्र पेरणी झाली की परवानगी पुन्हा विचारायची. शेतात पाऊल टाकल्यावर लगेच यंत्र चालू करू नये. आधी खाली बघत चालावं. रोमन काळातली चकचकीत लाल खापरं, जाड कौलांचे तुकडे, मातीच्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या, आणि समुद्रापासून दूर असूनही दिसणाऱ्या कालवांच्या शिंपा. कुणीतरी इथे बसून जेवलं आहे, असं त्या शिंपा सांगतात. खापरं दाट होतात तिथे यंत्र चालू करावं. तिथेच लोखंडी खिळ्यांचे घरघरते आवाज वाढतात. नवखा माणूस त्या आवाजांना कंटाळून पुढे सरकतो. पण खिळे म्हणजे घर, आणि घर म्हणजे माणूस. तिथे लहान चकती लावून, अगदी सावकाश, एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांनी फिरावं. एरवी शेताच्या दारापासून, जुन्या वाटेच्या रेषेपासून आणि दक्षिणेकडच्या उतारापासून सुरुवात करण्याची पद्धत मला लाभली आहे. थंड देशात माणसं उन्हाकडे तोंड करून घरं बांधतात.

समुद्रकिनारा वेगळ्या न्यायानं चालतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यापैकी साधारण निम्मा पट्टा क्राउन इस्टेट या संस्थेकडे आहे आणि तिथे अटी पाळून डिटेक्टर वापरता येतो. बाकीचा पालिकांचा किंवा खासगी, तिथे विचारावं लागतं. लंडनमधल्या थेम्सच्या पात्रात उतरून नुसतं वर पडलेलं वेचायलाही बंदर प्राधिकरणाचा परवाना हवा. किनाऱ्यावर कोरडी वाळू म्हणजे कालपरवाची चिल्लर आणि बाटल्यांची झाकणं. खरी संधी वादळानंतर. लाटा वरची वाळू ओरबाडून नेतात आणि खालचा चिकणमातीचा किंवा गोट्यांचा थर उघडा पडतो. जड वस्तू तिथेच जाऊन बसलेल्या असतात. लाटा अडवणाऱ्या लाकडी बांधांच्या कडेला, गोटे जिथे साठतात तिथे पाहावं. ओली खारी वाळू स्वतः वीज वाहते आणि साध्या यंत्राला फसवते. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं यंत्र लागतं. बुडालेल्या जहाजाचा अवशेष वाटावा असं काही मिळालं तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे.

किनाऱ्यावरचा धोका कायद्याहून मोठा आहे. मोरकम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. तिथलं पाणी समोरून येत नाही, मागच्या नाळांमधून आधी भरतं आणि माणूस बेटावर अडकतो. सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो. ज्याच्या कानांवर हेडफोन आहे आणि नजर वाळूत आहे त्याला हे उशिरा कळतं. ओहोटी सुरू असताना उतरावं, पाणी परतण्याची वेळ आधीच लिहून घड्याळात गजर लावावा, आणि नॉरफक किंवा होल्डरनेसच्या मातीच्या कड्यांखाली मुळीच रेंगाळू नये. पावसानंतर ते कोसळतात.

शेतातले धोके कमी नाट्यमय, पण खरे. वासरं असलेल्या गाईंच्या कळपात शिरू नये, मग कुत्रा बरोबर असो वा नसो. नुकतीच फवारणी झालेलं शेत टाळावं. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. विजेच्या उच्च दाबाच्या तारांखाली यंत्र बडबडतं, तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. सिग्नल एका सरळ रेषेत लांबच लांब जात असेल तर खाली नळ किंवा केबल आहे असं धरून चालावं. आणि दुसऱ्या महायुद्धाचा दारूगोळा. जुन्या धावपट्ट्या, सरावाची मैदानं, किनाऱ्यावरच्या तोफांच्या जागा यांच्या आसपास गंजलेला गोळा, शेपटी असलेला तुकडा किंवा सुरईसारखं काही निघालं तर ते उचलायचं नाही, पुसायचं नाही, फोटोसाठी फिरवायचंही नाही. जागेवर खूण करून दूर जायचं आणि ९९९ वर कळवायचं. ऐंशी वर्षांनंतरही त्यातली दारू जिवंत असू शकते.

सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा नोंदवावी. उपग्रहावरून जागा सांगणारं साधं उपकरण किंवा फोन पुरतो. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर आकडे. १९९७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल ॲन्टिक्विटीज स्कीम नावाची व्यवस्था आहे. परगण्यापरगण्यात तिचे अधिकारी आहेत, आणि लोकांनी दाखवलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तू तिच्या सूचीत आहेत. नवीन शेत निवडताना हीच सूची उलट बाजूनं वापरता येते. आसपासच्या गावांत कोणत्या काळातल्या वस्तू दाट आहेत ते कळतं. ठेवा ठरणाऱ्या वस्तूंचा नियम वेगळा. १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे, ढोबळमानानं, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली जुनी नाणी १४ दिवसांत कळवावी लागतात. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची वस्तूही त्यात येते, मग ती कोणत्याही धातूची असो. संग्रहालयानं ती घेतली तर मोबदला बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मा निम्मा वाटला जातो.

कळवण्यानं काय घडतं आणि न कळवण्यानं काय बुडतं, हे २०१५ या एकाच वर्षातल्या दोन शोधांत दिसतं. ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ जेम्स मॅथर यांना नाण्यांचा ठेवा लागला. त्यांनी तो उपसला नाही, बोलावणं पाठवलं, आणि तो मातीच्या ढेपेसकट उचलून प्रयोगशाळेत उकलला गेला. त्यात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्शियाचा राजा केओलवुल्फ दुसरा यांची एकाच घडणीची नाणी होती. नंतरच्या बखरकारांनी ज्याला व्हायकिंगांचं बाहुलं म्हणून हिणवलं तो केओलवुल्फ आल्फ्रेडचा बरोबरीचा साथीदार होता, हे त्या नाण्यांनी सांगितलं. त्याच वर्षी हेरफर्डशरमध्ये दोघांना त्याच काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो लपवून तुकड्यातुकड्यानं विकला. नाणी तीनशेच्या आसपास असावीत, २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला तेव्हा हाती लागली होती जेमतेम ३१. उरलेली नाणी आज ना उद्या बाजारात येतीलही, पण कोणतं नाणं कुणाशेजारी होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे वाचून गावाकडे जाताना यंत्र सोबत न्यावं असं कुणाच्या मनात आलं, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नेऊ नका. भारतात या छंदाला इंग्लंडसारखी चौकट नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत पुरलेलं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं भाग आहे. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून, पुरलेलं सोनं मिळेल या आशेनं, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरातली शेतं लोकांनी रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन खणून काढली. आपल्याकडचे गड आणि पडके वाडे गुप्तधनाच्या नादानं आधीच पुष्कळ पोखरले गेले आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका रहिवाशाला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. भारतीय पुरातत्त्वातला तो अपूर्व शोध, तरी त्या मूर्ती शास्त्रीय उत्खननातून थरासकट न आल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद राहिला.

दख्खनमधल्या जुन्या वस्तीच्या जागा गावकऱ्यांना माहीत असतात, पांढरीची टेकाडं म्हणून. तिथे नांगराला किंवा पायाच्या खड्ड्यात काही लागलं तर काम थांबवा. भांडं असेल तर भांड्यातच राहू द्या, नाणी धुऊ नका, चिंचेनं घासू तर नकाच. वर ओलं पोतं टाकून माती सारा, जागेचा फोटो काढा, आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना, तिथून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून त्या कागदाची पोच घ्या.